पिंकीचा वाटा

आमच्या कामात दोनच शब्द नीट उच्चारता आले पाहिजेत. माझं आणि परकं. बाकीचं, म्हणजे मान डोलावणं, आवाज खाली आणणं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवणं, कुणालाही दोन महिन्यांत शिकवता येतं. मी तर शिकवतेच. पण हे दोन शब्द मला स्वतःला नऊ वर्षांत धड आले नाहीत, आणि त्यातला एक मी भलत्या जागी बोलून बसले. कृपा करून हळहळू नका. हळहळणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी रोज बघते.

मी रंजना तुमसरे, वय सत्तेचाळीस, नागपूरच्या एका आघात उपचार केंद्रात मानसोपचारक. गाव भंडाऱ्याकडचं, तळ्याकाठचं. आम्ही ढिवर. मासे आणि शिंगाडे हीच आमची शेती. माय अजून तिथेच राहते, माझ्या फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरतो म्हणे. माझ्या पाठची एक बहीण होती, पिंकी. ती नऊ वर्षांची असताना त्याच तळ्यात गेली. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

आता विज्ञान तेवढं सांगून टाकते, म्हणजे मग कुरकुर करायला मी मोकळी. आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. आपण ती आठवली की ती सैल होते, आणि पाच-सहा तासांनी पुन्हा घट्ट बसते. गूळ वितळवून पुन्हा साच्यात ओतावा तसं. गोठताना त्यात जे पडेल ते आत राहतं. भयंकर प्रसंग माणूस आठवतो तो भीतीसकट, आणि तो गोठतोही भीतीसकटच. म्हणून वीस वर्षांनंतरही तो कालच्यासारखा ताजा असतो. बोलून बोलून ही भीती उतरवायची जुनी पद्धत चांगलीच होती, पण तिला महिनेच्या महिने लागायचे आणि निम्मे लोक मध्येच यायचे बंद व्हायचे.

मग टोप्या आल्या. एक रुग्णाच्या डोक्यावर, एक आमच्या. रुग्ण सांगायला लागला की त्याच्या मेंदूत भीतीची जी लय उठते, तीच लय बारीक ध्वनिलहरींनी आमच्या मेंदूत उठवली जाते. त्याच्या पोटात गोळा आला की आमच्याही पोटात येतो. फरक इतकाच की आम्ही त्या प्रसंगात नव्हतो. आमचं शरीर खुर्चीत असतं आणि शांत कसं राहायचं ते त्याला ठाऊक असतं. ती शांतता उलट्या वाटेने रुग्णाकडे जाते आणि आठवण गोठताना भीतीच्या जागी जाऊन बसते. रेकॉर्ड केलेली शांतता वापरून पाहिली, मेंदू ती घेत नाही. समोर जिवंत माणूसच लागतं, आणि तेही कळवळणारं. कागदोपत्री या प्रकाराला सहभार उपचार म्हणतात. आम्ही म्हणतो, वाटा घेणं. 'आज किती वाटे घेतले गं?' असं आम्ही जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारतो, भाजी काय आणलीस विचारावं तितक्या सहज.

आता घेतलेला वाटा जातो कुठे? कुठेच जात नाही. तो आमच्यात साचतो. त्याला आम्ही गाळ म्हणतो, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता तो काढायचा असतो. एक कडू औषध प्यायचं, टोपी घालून बसायचं. भीतीचा डंख असलेला एकेक तुकडा यंत्र वर आणतं. कधी चित्र, कधी वास, कधी नुसता आवाज. आपण फक्त सांगायचं, माझं की परकं. याला निवड म्हणतात. परकं म्हटलं की तो तुकडा सैल असतानाच औषध त्याचा डंख काढून घेतं. काय घडलं ते आठवतं, पण टोचत नाही. माझं म्हटलं की यंत्र त्याला हात लावत नाही.

उत्तराला तीन सेकंद. गप्प राहिलात तर परकं धरलं जातं. हा नियम फुलझेले मॅडममुळे आला. आमच्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात हुशार बाई. एका जळीत मुलीचा वाटा घेतला होता त्यांनी. संध्याकाळी तुकडा वर आला, स्वयंपाकघर, हिरवा ओटा, निळी ज्वाळा. यांच्या घरचा ओटाही हिरवा. त्या बोलून गेल्या, माझं. झालं! तेव्हापासून त्यांनी काडी पेटवली नाही. देवापुढचा दिवासुद्धा नाही. शेवटी नोकरी सोडून वर्ध्याला भावाकडे गेल्या. त्यानंतर आमच्या संचालकांनी, डॉक्टर काटोलेंनी, निवडीच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: शंका आली तर परकं.

आमच्या स्वतःच्या जखमा चुकून धुतल्या जाऊ नयेत म्हणून कामावर रुजू होताना एक फॉर्म भरून घेतात. तुमच्या आयुष्यातले भीतीचे प्रसंग लिहा, सगळे तपशील लिहा, म्हणजे यंत्र त्यांना ओळखून बाजूला ठेवेल. आणि इथे मी माती खाल्ली. मी लिहिलं: आठवीत कुत्रा चावला. बाबा गेले. धाकटी बहीण तळ्यात बुडाली, मी तळ्याच्या पाळीवर होते. एवढंच. हाक मी लिहिली नाही.

हाक म्हणजे काय ते आता सांगते, आता सांगायला मला काही वाटत नाही. तीच तर सगळी बोंब आहे. पिंकी डोंगा, म्हणजे आमची लहान लाकडी होडी, घेऊन शिंगाड्याच्या वेलात शिरली होती. खरं तर दोघींनी जायचं होतं. मी पाळीवर, तळ्याच्या बांधावर, पुस्तक घेऊन बसले, कारण दुसऱ्या दिवशी चाचणी होती आणि मला गावातून बाहेर पडायचं होतं. पिंकीने हाक मारली, "ताई, ये ना!" ही पोरगी दिवसातून दहादा खोटं खोटं बुडायची. मी मान वर केली, पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि पान उलटलं. दुसरी हाक आली नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मायला नाही, नवऱ्याला नाही, फॉर्मला तर मुळीच नाही. जगभरच्या लोकांना 'बोला, मोकळं व्हा' म्हणत नऊ वर्षं खुर्चीत बसले आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. माझ्या कळवळ्याचं मूळही तिथेच होतं. समोरचं माणूस बोलायला लागलं की मी मान खाली घालूच शकत नसे.

यंदा मार्चमध्ये एका जलाशयात सहलीची लाँच उलटली. एकेचाळीस जण वाचले आणि त्यातले बरेच आमच्याकडे आले. दिवसाला तीन वाटे घ्यायचे असा नियम आहे. मी सहा घेत होते, कधी सात. नको म्हणायला जीभ वळत नसे. घरी गेल्यावर बादलीत नळ सोडला की मी न्हाणीघराबाहेर उभी राहायची. नवऱ्याने विचारणं सोडून दिलं होतं. तो नळ बंद करायचा आणि टॉवेल माझ्या हातात द्यायचा.

त्या लाँचवाल्यांत अर्पिता नेवारे नावाची मुलगी होती. एकोणीस वर्षांची. धाकट्या बहिणीचा हात तिच्या हातातून सुटला होता. पहिले चार दिवस ती बोललीच नाही, नुसती स्वतःचा तळवा बघायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "मॅडम, ती मला ताई म्हणत होती. पाणी तोंडात जाईपर्यंत ताईच म्हणत होती." माझ्या टोपीतून ती हाक अशी आत गेली की हातातलं पेन खाली पडलं. पण मी शांत राहिले. तिचा श्वास माझ्या श्वासाला येऊन मिळाला. तासाभराने ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, भोकाड पसरून. आमच्याकडे याला यश म्हणतात, आणि ते यशच होतं. त्या मुलीने आता कॉलेजात पुन्हा नाव घातलं आहे.

त्या संध्याकाळी निवडीला बसले तेव्हा अर्पिताचा धरून माझे दिवसभरात सात वाटे झाले होते. यंत्रावर वासनिक होता. मिलिंद वासनिक, आमचा तंत्रज्ञ, चांगला माणूस, कामापुरतं बोलणारा.

"तुकडे जास्त आहेत आज," तो म्हणाला. "थांबून थांबून घेऊ का?"

"चालव रे बाबा. पाठ मोडली माझी."

पाणी. परकं. काळा टायर. परकं. डिझेलचा वास. परकं. सुटणारा तळवा. परकं. पाणी, पाणी, पाणी. परकं, परकं, परकं. मग हिरवं पाणी, आणि लांबून एक बारीक आवाज, ताई ये ना.

परकं.

वासनिकने पुढचा तुकडा लावला.

त्या दिवसापासून मला छान झोप लागायला लागली. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा. भूक लागायची. न्हाणीघरात गाणं म्हणायचे. वाटे घेऊनही मला गाळ फारसा साचेना, सात-सात वाटे घेऊन मी टवटवीत. काटोले सर येता-जाता म्हणायचे, "तुमसरे मॅडम, काय खाता हो हल्ली?" मलाही वाटलं, अनुभव म्हणतात तो हाच असावा. कप्पाळ अनुभव!

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. दरवर्षी जाते. तो पिंकीचा दिवस. आमच्याकडे याचं कुठलं शास्त्र नाही, मायने स्वतःच पाडलेली रीत आहे. हंगामाचे पहिले शिंगाडे उकडायचे, पाळीवर जाऊन पळसाच्या तीन पानांवर मांडायचे. एक मायचं, एक माझं, एक पिंकीचा वाटा. मग माय तो दिवस पहिल्यापासून सांगते. सकाळी पिंकीने काय खाल्लं, कोणती रिबन लावली, जाताना कोंबडीला कशी लाथ मारली. दरवर्षी तेच शब्द, त्याच क्रमाने. डोंग्यापर्यंत आली की ती थांबते आणि मी रडायला लागते. मी रडून संपले की माय पिंकीचा वाटा पाण्यात सोडते. मग आम्ही दोघी जेवतो. पस्तीस वर्षांत यात बदल नाही.

यंदाही माय बोलत होती. सत्तरी कधीच उलटली आहे, आवाज चिरका झालाय, पण शब्द तेच. "लाल रिबन मांगे. मी म्हटलं, हिरवी लाव, लाल सनाले ठेव." मी शिंगाडा सोलत ऐकत होते. शिंगाडे यंदा मोठे होते, गोड होते. माय डोंग्यापर्यंत आली आणि थांबली. मी दुसरा शिंगाडा उचलला.

माय थांबूनच राहिली. मग माझ्याकडे पाहिलं तिने.

"रंजे," ती म्हणाली, "तुले बरं नाई का?"

"बरं आहे की. कायले?"

"तू रडली नाई."

मी विचार केला. खरंच रडू येत नव्हतं. पिंकी आठवत होती, रिबन आठवत होती, सगळं स्पष्ट, पण भूगोलाच्या धड्यातली नदी आठवावी तितपतच. मला वाटलं, काहीतरी बोलायला पाहिजे, बिचारी म्हातारी वाट बघतेय. आणि पस्तीस वर्षं जे घशात अडकलं होतं ते शिंगाड्याच्या सालीइतकं सहज बाहेर पडलं.

"माय, तिनं मले हाक मारली होती. मी ऐकली होती. मान वर करून पाह्यलं, अन् पुन्हा पुस्तक वाचत बसली. मले वाटलं नाटक करून राहिली."

आणि मी शिंगाडा तोंडात टाकला. टाकला मी! त्यातला 'मले-तुले' मायशी बोलताना आपोआप येतो, आणि त्या दिवशी बाकीचंही तसंच आपोआप आलं. दोन वाक्यं, मग घास.

माय पळसाच्या पानाची काडी मोडत बसली. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला, शांत नजरेने तिच्या डोळ्यांत पाहिलं. सवय.

"मले माहीत आहे," माय म्हणाली.

"काय?"

"मी त्या आंगच्या पाळीवर होती. जाळं वाळत घालून राहिली होती. पोरगी हात हलवते ते मले दिसलं. तू मान वर केली तेही दिसलं. मी म्हटलं, आता रंजू उठते. मंग तू मान खाली घातली. मी धावली, पण पाळ किती लांब आहे, पाह्यलं का तू कधी?"

"मग इतकी वर्षं बोलली कायले नाई?"

मायने माझ्या पानाकडे पाहिलं. सालींचा ढीग, अर्धे शिंगाडे संपलेले.

"दरवर्षी तू रडायची ना. माझ्यापेक्षा जास्त रडायची. तुले पाहून मी माझी मलेच म्हणत जाय, जाऊ दे भागरता, पोरगी भोगून राहिली. तिचं तिले पुरे आहे, आपन अजून बोलू नये. पस्तीस वर्षं तसंच निभावलं." ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. "आता कायच्या भरवशावर जाऊ देऊ?"

पिंकीचा वाटा तिने पाण्यात सोडला. स्वतःचं पान तसंच उचललं आणि घराकडे चालू लागली. मी मागून गेले. दारात ती म्हणाली, "तू लग्न करून गेली तवा परकी नाई झाली. आता झाली." आणि आत जाऊन भांडी घासायला बसली.

मानसोपचारक असूनही काय झालं ते मला बसमध्ये, भंडारा मागे पडल्यावर कळलं. परकी हा शब्द कानात होता, त्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वासनिकला धरलं. "माझी मार्चपासूनची निवड काढ. ताई हा शब्द असलेले तुकडे."

दोन निघाले. एकाच संध्याकाळचे. पहिल्यात डिझेलच्या वासाची खूण होती, तो अर्पिताचा. दुसऱ्यात डिझेल नव्हतं. हिरवं पाणी, शिंगाड्याची पानं, आणि कडेला, अगदी कडेला, छापील अक्षरांच्या ओळी. लाँच उलटली तेव्हा पुस्तक कोण वाचत होतं? उत्तर दिलेलं: परकं. वेळ शून्य पूर्णांक चार सेकंद.

वासनिकने खुर्ची मागे घेतली. "मॅडम, हे तुमच्या फॉर्ममध्ये नव्हतं."

"माहीत आहे."

"असतं तर यंत्राने विचारलंच नसतं."

"माहीत आहे म्हटलं ना!"

तो मान खाली घालून बसला. ओरडण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं. मला रडता येत नव्हतं म्हणून मी ओरडत होते.

काटोले सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आलेख मागवले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरते, मला कळत होतं.

"मॅडम, हे वाईट झालंच," ते म्हणाले. "पण बघा ना, त्या दिवसापासून तुमचा गाळ सत्तर टक्क्यांनी कमी. म्हणजे आपल्या जुन्या जखमेलाच रुग्णाची भीती चिकटते. जखम नाही तर गाळ नाही! आपण नव्या लोकांची आधीच स्वच्छता केली तर? फुलझेले मॅडमसारखी माणसं आपल्याला गमवावी लागणार नाहीत."

"सर, माझी बहीण गेली त्यात."

"बहीण तर पस्तीस वर्षांपूर्वी..." असं म्हणून ते थांबले. अगदी दुष्ट माणूस नाही तो. "म्हणजे, आठवण शाबूत आहे ना?"

"आठवण आहे. मी नाही त्यात."

"परत आणता येत नाही," ते म्हणाले. "डंख एकदा गेला की गेला. फार तर, तोच प्रसंग दुसऱ्या कुणाच्या मनात जिवंत असेल, तर त्याचा वाटा तुम्हाला घेता येईल. निवडीला बसायचं नाही. जे साचेल ते तुमचं."

त्या प्रसंगाचं दुसरं माणूस जगात एकच होतं.

आठ दिवसांनी मी वासनिकला घेऊन गावी गेले. फिरतं यंत्र गाडीत होतं, परवानगी काढली होती, माझी टोपी, मायसाठी लहान मापाची टोपी. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. यात दोघींचं भलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मायचं दुःख हलकं झालं असतं, माझं मला परत मिळालं असतं. पुन्हा पळसाच्या पानाशी बसून रडता आलं असतं मला. माफी पुन्हा सुरू झाली असती.

माय अंगणात जाळं विणत होती. मी सगळं समजावून सांगितलं. अगदी सोप्या भाषेत, काही न लपवता. माझं आणि परकं हेही सांगितलं, चूक कशी झाली ते सांगितलं, फॉर्मवर हाक का लिहिली नाही ते सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. वासनिक टोपी हातात घेऊन पायरीशी उभा होता.

"म्हंजे," माय म्हणाली, "हे टोपलं घातलं की माझ्यातलं तुझ्यात येईन?"

"हो माय."

"अन् माझ्यात?"

"तुझ्यात उरेल ना. पण टोचणार नाही इतकं. तुले झोप लागेन. पाळ पाहून छातीत धडधड नाही होणार."

"पिंकी आठवेन?"

"आठवेन की. सगळं आठवेन."

"कशी आठवेन? तुले आठवते तशी?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलायला पाहिजे होतं. पण खोटं बोलायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं.

"हो," मी म्हणाले. "तशीच."

मायने जाळ्याची गाठ मारली. दातांनी दोरा तोडला.

"मंग नाई," ती म्हणाली. "पोरगी गेली, तिची रिबन गेली, तुझा बाप गेला. हे येवढं राह्यलं. हे माझं आहे. याच्यातला वाटा मी कोनाले देत नाई."

"माय, मी तुझीच पोरगी आहे. मलेही पाहिजे ते."

"तुझं तुझ्याजवळ होतं, रंजे," ती म्हणाली. रागाने नाही, मला समजावल्यासारखी. "तू दिलं सोडून. आता माझं मांगते?"

मी तिचे पाय धरले. वासनिकसमोर धरले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस सारखे केले, आणि म्हणाली, "पाव्हन्याले चहा टाकते." आम्हा दोघांना तिने चहा दिला. मला कपबशीत दिला. त्या घरात कपबशी पाहुण्याला देतात. मी आयुष्यभर पितळी पेल्यात प्यायले आहे.

परतताना वासनिक गाडी चालवत होता. लाखनीपाशी तो म्हणाला, "मॅडम, माझी आई असती तर हेच बोलली असती." मी त्याला गप्प बस म्हणाले.

पुढच्या सोमवारी कामावर गेले. रुग्ण थांबत नसतात. दोन वाटे घेतले, त्यातला एक गोंदियाच्या एका ट्रक ड्रायव्हरचा. काटोले सरांनी टेबलावर कागद ठेवला होता, नव्या लोकांच्या स्वच्छतेची योजना, पहिल्या पानावर 'अनुभव कथन: र. तुमसरे'. मी तो फाडला नाही. कागदावर वरपासून खालपर्यंत लिहिलं, 'नको. करू नका.' आणि खाली सही केली. त्यांनी तो वाचला, आणि दुसरी प्रत छापून अनुभव कथनाची जागा अर्पिताच्या आलेखाला दिली. डिसेंबरात स्वच्छता केलेल्या नव्या लोकांची पहिली तुकडी येते आहे. बारा जण. सगळे हसतमुख.

पाच वाजता निवडीला बसले. औषध प्यायले, टोपी घातली. ट्रकचा हॉर्न. परकं. फुटलेली काच. परकं. रबर जळाल्याचा वास. परकं.

मग एक कपबशी वर आली. पांढरी, काठावर निळी फुलं. मागे मायचे हात, जाळ्याच्या दोऱ्याने कापलेली बोटं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

वासनिकने पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "तीन सेकंद गप्प राहा. निघून जाईल."

सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पिंकीसाठी नव्हतं. तिच्यासाठी आता कधीच येणार नव्हतं. माझ्याकडे आता दुखणारं एवढंच राहिलं होतं, एका कपबशीएवढं.

"माझं," मी म्हणाले.

माझं म्हटलं की हल्ली यंत्र खात्री करायला दुसऱ्यांदा विचारतं.

"माझं आहे रे. हात लावू नको."